पाकिटावरचा एक रुपया



गणपती जाऊन महिना होत आला. चाकरमानी मुंबईला पोचले, घरं परत शांत झाली, भात पिवळं पडायला लागलं. कापणी उरकली की दिवाळीचा बाजार. तेल, रवा, बेसन, उटणं, साबण, पोरांचे कपडे. यादी दरवर्षी तीच आणि पैसे दरवर्षी कमी पडणारे. या यादीत मी काही वाढवणार नाही, घाबरू नका. आज मला बोलायचंय ते सणाच्या दिवसांत पाकिटांवर आणि जाहिरातींत दिसणाऱ्या एका ओळीबद्दल. "तुमच्या या खरेदीतून एका गरजू मुलीच्या शिक्षणाला हातभार." वाचलीच असेल तुम्ही. नसेल वाचली तर टीव्हीवर ऐकली असेल.

विषय आला तो आमच्या गटाच्या बैठकीतून. बचत गोळा झाली, वहीत लिहून झालं, सह्या झाल्या. मग एका काकूंनी पिशवीतून धुण्याच्या पावडरीचं रिकामं पाकीट काढलं. नातवाने त्यांना मागची अक्षरं वाचून दाखवली होती. या खरेदीतला काही भाग मुलींच्या शिक्षणाला जाणार, असं त्यावर होतं. काकू मला म्हणाल्या, "काही भाग म्हणजे किती गो? मी कर्जाचा हप्ता देताना सांगितलं, घे हा काही भाग, तर तू वहीत काय लिहिशील?"

सगळ्या हसल्या. पण त्यानंतर अर्धा तास बैठक त्याच एका पाकिटावर चालली. एक म्हणाली, सगळं थोतांड आहे, माल खपवायचे धंदे. दुसरी म्हणाली, असू दे ना, पावडर आपण घेणारच, त्यातनं कुणाचं भलं झालं तर आपलं काय जातं? तिसरीने विचारलं, पण पोचतं का? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बी.ए.च्या पुस्तकात हे नव्हतं आणि समन्वयकाच्या प्रशिक्षणातही नव्हतं. म्हणून थोडं वाचलं, थोडं विचारलं, ते आज सांगते.

ही पद्धत आपल्याकडची नव्हे. १९८३ साली अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेस नावाच्या कार्ड कंपनीने जाहीर केलं की न्यूयॉर्कच्या बंदरात उभ्या असलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची दुरुस्ती करायची आहे. तुम्ही आमचं कार्ड वापरलंत की दर वेळी आम्ही १ सेंट देऊ, नवीन कार्ड काढलंत की १ डॉलर देऊ. सुमारे १७ लाख डॉलर जमले. पुतळा दुरुस्त झाला हे खरं. पण त्या काळात कंपनीच्या कार्डाचा वापरही चांगलाच वाढला, हेही तितकंच खरं. तेव्हापासून जगभरच्या कंपन्यांना कळलं की दान आणि विक्री एकाच गाडीत बसवता येते. आणि गाडी कुठल्या दिवसांत सोडायची? लोक खर्च करतात तेव्हा. तिकडे नाताळ, इकडे गणपती-दिवाळी.

आपल्याकडे टाटा मिठाने एका किलोमागे १० पैसे मुलांच्या शिक्षणाला देण्याची योजना काढली होती, ठराविक काळातल्या विक्रीवर. एरियल, टाइड बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचा 'शिक्षा' हा उपक्रम २००५ पासून आहे. आमच्या पाकिटांच्या विक्रीतून शाळांना मदत, अशा त्याच्या जाहिराती तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. आणि पोरांच्या दप्तरात असते ती क्लासमेटची वही. तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर अनेक वर्षं छापून येतंय की दर ४ वह्यांमागे आयटीसी कंपनी १ रुपया सामाजिक कामांना देते.

आता हा हिशोब आपण आपल्या पद्धतीने मांडू. ४ वह्यांना १ रुपया, म्हणजे एका वहीमागे २५ पैसे. एका मुलाला वर्षाला बारा वह्या लागल्या तर तुमच्या घरातून ३ रुपये. चार आणे म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. कोट्यवधी वह्या खपतात, त्यातून मोठी रक्कम होते. आपल्या गटाची बचतसुद्धा अशीच थेंबाथेंबाने झाली की. आणि या वहीचं मला एक बरं वाटतं. आकडा छापलाय. ४ वह्या, १ रुपया. पटो न पटो, मोजता तरी येतं. काकूंच्या पाकिटावर 'काही भाग' होता. मोजता येत नाही त्याचा जाब कसा विचारणार?

आकडा छापला म्हणजे झालं, असंही नाही हं. अमेरिकेतच १९९९ साली योप्ले नावाच्या दह्याच्या कंपनीने बायकांना सांगितलं, दह्याच्या डब्याची झाकणं आम्हाला पोस्टाने पाठवा, एका झाकणामागे ५० सेंट स्तनांच्या कर्करोगाच्या कामाला देऊ. बायकांनी दही खाल्लं, झाकणं धुतली, पुसली, स्वतःच्या पैशाने तिकीट लावून पाठवली. लाखो झाकणं गेली. आणि बारीक अक्षरात काय होतं, तर जास्तीत जास्त १ लाख डॉलर. म्हणजे २ लाख झाकणांनंतर आलेल्या झाकणांना काही अर्थच नव्हता. जॉर्जिया राज्याच्या सरकारने हरकत घेतली, तेव्हा कंपनीने आणखी रक्कम दिली. कुठे अमेरिका, कुठे आपण. पण बारीक अक्षरं सगळीकडे सारखीच बारीक असतात. चष्मा लावून वाचा, नाहीतर पोरांकडून वाचून घ्या.

दुसरी गोष्ट कायद्याची. कंटाळू नका, थोडक्यात सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे, किंवा उलाढाल १००० कोटींची आहे, किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटींची आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. आपल्या शाळेला कुणी बेंच दिले, कुणी पाण्याची टाकी बांधली आणि वर पाटी लावली, त्यातलं बरंचसं या पैशातलं असतं. आपल्या जिल्ह्यात लोट्यापासून जयगडपर्यंत मोठे कारखाने आहेत, त्यामुळे अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील.

म्हणजे समजा एखाद्या कंपनीचा सरासरी नफा १०० कोटी आहे, तर २ कोटी तिला खर्च करायचेच आहेत. तुम्ही साबण घेतलात तरी, राखेने हात धुतलेत तरी. मग पाकिटावरचा रुपया या २ कोटींतला की त्याच्या वरचा? खरा प्रश्न हा आहे, आणि पाकिटावर याचं उत्तर मला अजून कुठे दिसलेलं नाही. सरकारने २०२१ साली नियमात स्पष्ट केलं की आपल्या मालाला बाजारात फायदा व्हावा म्हणून कुणाचं प्रायोजक होऊन केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येणार नाही. नियम चांगला आहे. पण जाहिरात आणि दान एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की पाकीट हातात धरून ते वेगळं काढणं आपल्याला शक्य नाही. आंबोळीच्या पिठातनं तांदूळ आणि उडीद पुन्हा वेगळे करा म्हटल्यासारखं आहे ते.

आता मी ज्या गोष्टीसाठी एवढं बोलतेय ती सांगते. ती आमच्याच गटाची आहे. कंपनीचं नाव घेणार नाही.

काही वर्षांपूर्वी श्रावणात एका संस्थेमार्फत आमच्याकडे काम आलं. शहरातली एक कंपनी दिवाळीला भेटीचे बॉक्स काढणार होती. त्यात घालायला कापडी पिशव्या हव्या होत्या, ५०० नग. कापड त्यांचं, शिलाई आमची, एका पिशवीला १८ रुपये. आमच्या नऊजणींना मशीन येते. आम्ही आनंदाने घेतलं. गणपतीच्या आधी निम्म्या, नंतर निम्म्या अशा शिवून दिल्या. ५०० पिशव्यांचे ९,००० रुपये झाले. दोरा, सुया, मशीनची दुरुस्ती, एसटी आणि रिक्षा धरून १,२६० रुपये गेले. उरले ७,७४०. प्रत्येकीला ८६० रुपये. ते पैसे वेळेवर आले, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यात फसवणूक नव्हती.

पिशव्या न्यायला आले तेव्हा सोबत फोटो काढणारा मुलगा होता. तो म्हणाला, सगळ्यांनी नऊवारी नेसा. आमच्यातल्या दोघीतिघींकडेच नऊवारी, तीही लग्नाकार्याची. बाकीच्या पाचवारीतल्या आणि गाऊनवर ओढणी घेणाऱ्या. शेवटी आजूबाजूच्या घरांतून गोळा केली लुगडी. एकीला तर नेसताच येईना, तिच्या सासूबाईंनी नेसवून दिली. मशीनवर बसून हसायचं, पण फार नाही हसायचं, असं तो सांगत होता. आम्ही केलं. मजा वाटली तेव्हा.

दिवाळीच्या आठ दिवस आधी गटातल्या एकीच्या पुतण्याने मुंबईहून मोबाइलवर फोटो पाठवला. दुकानात तो बॉक्स मांडलेला. वर आमचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, या प्रत्येक बॉक्समागे २० रुपये कोकणातल्या गरीब महिलांच्या सक्षमीकरणासाठी.

पहिला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आपला फोटो मुंबईच्या दुकानात! मग काकूंनीच विचारलं, याच पावडरवाल्या काकूंनी, "वीस रुपये? कुठले वीस?" मी संस्थेला फोन केला. खूप वेळा केला. शेवटी उत्तर आलं की पिशवीचे १८ रुपये आणि वाहतूक धरून ते २० होतात. म्हणजे आमची मजुरी. आम्ही शिवलेल्या पिशवीचा मोबदला, आणि त्याला वर लिहिलं दान.

ताईंनो, मला गरीब म्हटलं याचा राग आला नाही. आहोत, त्यात काय लपवायचं? मला राग आला तो मजुरीला दान म्हटल्याचा. बॉक्सचं पुठ्ठ्याचं खोकं ज्याने बनवलं त्यालाही पैसे दिलेच असतील ना? त्याच्या पैशांना कुणी दान नाही म्हटलं. खोकंवाल्याला दिलं ते बिल, बाईला दिलं ते सक्षमीकरण. आणि शहरातल्या ज्या बाईने तो बॉक्स चार पैसे जास्त देऊन घेतला, तिला वाटलं असणार की आपण कोकणातल्या बाईला काहीतरी जास्तीचं दिलं. तिचीही फसगत झाली. तिने दिलेलं माझ्यापर्यंत आलंच नाही, आणि ती माझ्यावर उपकार केल्याचं समाधान घेऊन घरी गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा विचारणा आली. आम्ही बैठक घेतली, ठराव लिहिला आणि कागदावर तीन गोष्टी कळवल्या. शिलाईला दान म्हणू नका, 'या महिलांनी बनवलेलं' असं लिहा. दर २५ रुपये करा. आणि फोटो छापण्याआधी आम्हाला दाखवा. पत्राला उत्तर आलं नाही. महिन्याने फोन आला की यंदा कंपनीने दुसरा विषय घेतलाय.

म्हणजे काम गेलं. ९,००० रुपये गेले. त्या नऊजणींतल्या एकीने मशीन कर्जाने घेतली होती, तिचा दिवाळीतला हप्ता त्यावर होता. ती मला म्हणाली, "नाव काय पण लिहू देत होते, तुझं काय गेलं असतं?" बैठकीत सगळ्यांनी हात वर केले होते, तिनेही केला होता, पण पत्र माझ्या अक्षरात होतं. तिचा हप्ता गटाने सांभाळून घेतला. तरी ती अजून माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. मी चुकले का? रात्री कधीकधी वाटतं, दर तेवढा मागायचा नव्हता, नुसतं लिखाण बदलायला सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, बरोबर केलं. कुणाला असा अनुभव असेल तर रेडिओच्या पत्त्यावर नक्की लिहा, मला खरंच ऐकायचंय.

म्हणून कुणी सगळं थोतांड म्हणालं की मला पटत नाही आणि असू दे ना म्हणालं तरी पटत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत दुकानांच्या माळ्यापर्यंत चढलं होतं. त्यानंतर कुठून कुठून ट्रक आले. भांडी, चादरी, तांदूळ, झाडू, फिनेल. चिखल काढायला पोरं आली, नाव न सांगता आठ दिवस राबून गेली. त्यात कंपन्यांची मदतही होती आणि ती उपयोगी पडली. काहीजण मात्र आधी बॅनर धरून उभे राहायचे, मग चादर द्यायचे. घेणाऱ्या बाईने मान खाली घातलेली असायची. चादर उबदार होतीच, पण तिला त्या फोटोत उभं राहायचं नव्हतं. त्याआधी २०१९ ला कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो लावले म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. लोकांना संशय येतो तो उगीच येत नाही.

मोबाइलवरून खरेदी करणाऱ्या पोरींसाठी एक सांगते, कारण आता गावागावात पार्सल यायला लागलीत. पैसे भरायच्या पानावर कधीकधी ५ रुपये, १० रुपये देणगी आपोआप जोडलेली असते. आपण ती मागितलेली नसते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने असल्या फसव्या युक्त्यांविरुद्ध नियम काढलेत, त्यात ग्राहकाला न विचारता बिलात देणगी घुसवणं स्पष्टपणे चुकीचं ठरवलंय. तेव्हा पैसे भरण्याआधी एकूण रक्कम बघा आणि नको असेल तर ती खूण काढून टाका. लाज वाटून घेऊ नका. द्यायचं असेल तर स्वतः ठरवून द्या, पावती घ्या. दुकानात किंवा पाकिटातून गेलेल्या रुपयाची तुम्हाला देणगीची पावती मिळत नाही, दाता म्हणून नाव लागतं ते कंपनीचं.

एखादी जाहिरात सरळ खोटी वाटली, पाकिटावर लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळत नसलं, तर १९१५ या नंबरवर फोन करता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे ती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवलाय, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. आणि कुठल्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात सीएसआरचा किती खर्च दाखवलाय, ते राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर बघता येतं. आपल्याला इंग्रजी जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा शेजारी. रत्नागिरी जिल्ह्याच्या नावावर काय काय लिहिलंय ते ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवायला सांगा. मग त्यातली टाकी आपल्या गावात आहे का, हे आपल्यापेक्षा जास्त कोण सांगू शकेल?

गटांना कामं येतात त्याबद्दलही बोलते. येऊ देत. पिशव्या, पणत्या, कंदील, आमसुलं, कुळथाचं पीठ, सगळं विकू. पण काम घेतानाच कागदावर घ्या, वरती काय लिहिणार आहात. आमचा फोटो कुठे कुठे लावणार? 'दान' लिहिणार असाल तर शिलाई सोडून वेगळे पैसे किती, आणि ते कुठल्या खात्यात जमा होणार? एवढं विचारलं म्हणून कुणी भांडखोर म्हणालं तर म्हणू दे. गटात साध्या १० रुपये दंडाची नोंद आपण करतो. उशिरा आलेल्या सासूला दंड लावणारी सून मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय.

तर काकूंचं ते पावडरीचं पाकीट अजून माझ्या दप्तरात आहे. काकूंनी पावडर बदललेली नाही, डाग चांगले निघतात म्हणतात. पण त्यांच्या सांगण्यावरून आम्ही पाकिटावरच्या पत्त्यावर मराठीत पत्र टाकलंय, "काही भाग म्हणजे नेमका किती आणि मागच्या वर्षी एकूण किती दिला?" खाली चौदाजणींच्या सह्या, दोघींचे अंगठे. उत्तर आलं तर याच कार्यक्रमात वाचून दाखवीन.

तुम्हीही पुढच्या बैठकीला घरातलं एखादं रिकामं पाकीट किंवा पोराची जुनी वही घेऊन या, मागची बाजू वाचून बघा. आणि पुढच्या भागात आपण दिवाळीच्या फराळाचे दर काढणार आहोत. चकलीचा किलोचा भाव ठरवताना तेल आणि भाजणी सगळ्याच धरतात. गॅस, पिशवी आणि आपले तास कसे धरायचे, ते वही-पेन घेऊन बसलात तर बरं.